स्मृतिनाथांची अक्षय डिस्क

कर्वेनगरातल्या त्या मंगल कार्यालयात रविवारी सकाळी लग्न नव्हतं, मुंज नव्हती, साधा साखरपुडाही नव्हता. तरी चपलांचा ढीग पायऱ्या उतरून पार रस्त्यावर आला होता. आत गेलं की डोळेच फिरावेत. लांबलचक टेबलांवर ओळीनं लॅपटॉप मांडलेले, प्रत्येकाच्या झाकणावर हळदकुंकवाची बोटं, कडेनं झेंडूच्या माळा. कुणाचा पडदा फुटलेला, कुणाची बटणावरची अक्षरं उडालेली, आणि एक तर इतका जुना आणि जाडजूड, की मांडीवर घेतला असता तर मांडीच मोडली असती. उदबत्तीच्या धुरात ही सगळी मंडळी मोक्षाची वाट बघत पडली होती.

आणि व्यासपीठावर साक्षात स्मृतिनाथ महाराज! अंगात भगवी रेशमी कफनी, गालाशी चिकटलेला माइक, आणि कपाळावर भस्माच्या पट्ट्यांमध्ये कुंकवानं काढलेली खूण. लॅपटॉप चालू करायच्या बटणावर असते ना, गोल आणि वर दांडी, अगदी तीच.

"बाळांनो, सी ड्राइव्ह म्हणजे काय?" महाराजांनी विचारलं.

"काया!" सभागृह गर्जलं.

"आणि डी?"

"देह!"

"काया आणि देह एकच की," तिसऱ्या रांगेतून नंदाकाकू पुटपुटल्या. "मग दोन ड्राइव्ह कशाला?"

"शू!" शेजारून तात्याराव म्हणाले.

दोघांच्या मध्ये बसलेल्या अपेक्षाच्या बरगड्या हसू दाबून दाबून दुखायला लागल्या होत्या. अपेक्षा मूळची वर्ध्याची. एका कंपनीत दुसऱ्यांनी लिहिलेली सॉफ्टवेअर मोडून दाखवायचा तिला पगार मिळे. तात्याराव आणि नंदाकाकूंच्या फ्लॅटमधली एक खोली तिनं भाड्यानं घेतली होती, पण आता भाडेकरू कोण आणि घरचं कोण हे विसरायला झालं होतं. वर्ध्याच्या घरी देव्हारा नव्हता. बुद्धाची एक मूर्ती होती, पुस्तकांचं कपाट होतं, आणि 'पारखून पाहिल्याबिगर मान हलवायची नाही' असं बजावणारे बाबा होते. त्यामुळे इथे सगळ्यांच्या माना डोलत असताना तिची एकटीची ताठ होती.

"क्लाऊड, क्लाऊड म्हणतात," महाराज पुढे म्हणाले. "अरे, क्लाऊड म्हणजे ढग! ढग कुणाच्या दारात टिकलाय? आत्ता इथे, घटकेत खडकवासल्यावर! आणि बॅकअप म्हणजे काय? बॅकअप म्हणजे संशय! एका देवाला नवस बोलायचा आणि शेजारच्या देवालाही सांगून ठेवायचं, त्यातला प्रकार! ज्याची श्रद्धा एक, त्याची प्रत एक!"

टाळ्या. शिट्टीसुद्धा.

मग महाराजांनी केशरी मखमलीतून काडेपेटीएवढी एक काळी डबी बाहेर काढली. तीच ती अक्षय डिस्क! त्यांचे पट्टशिष्य हिंदुराव यांनी ती लॅपटॉपला जोडली. हे हिंदुराव म्हणजे तात्यारावांच्याच सोसायटीतले, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, मिशीला पीळ आणि मनाला अजिबात पीळ नसलेले गृहस्थ. मागच्या मोठ्या पडद्यावर डिस्कचं पोट दिसू लागलं: लाखो फोटो मावतील एवढी जागा. प्रवचनभर तिच्यात भक्तांचे फोटो, बारशी, लग्नं, सहली ओतल्या जात होत्या, आणि जागा काही संपायचं नाव घेत नव्हती.

"ओता, बाळांनो, ओता! द्रौपदीची थाळी आहे ही!"

लोक वेडे झाले. बाहेरच्या टेबलावर अक्षय डिस्क मिळत होती, ती घ्यायला रांग दारातून वळसा घालून स्वयंपाकघरात शिरली.

त्यातच वाघोलीचा रतन नावाचा कॉलेजातला मुलगा व्यासपीठावर नाचतच आला. त्याचा मेलेला लॅपटॉप 'शुद्धीकरण कक्षात' जाऊन आला होता. महाराजांनी त्यावर फुंकर मारली, बटण दाबलं, आणि पडदा लखकन उजळला! "जागृत! जागृत!" एक आजी शेजारच्याच्या गळ्यात पडल्या.

तात्यारावांच्या डोळ्यांत पाणी आलं. कारण पुढच्या रविवारी जागृतीसाठी त्यांचाच लॅपटॉप होता.

त्यांचं दुःख खरं होतं. त्यांची मुलगी कल्याणी लहान असताना तात्यारावांचे वडील तिला रोज गोष्ट सांगत, आणि तात्यारावांनी त्या गोष्टी कॅसेटवर धरून ठेवल्या होत्या. सिंहाच्या डरकाळीला आजोबांचा खोकला, मध्येच कल्याणीचं "आजोबा, तो सिंह जेवला का?" असं सगळं. गेल्या वर्षी त्यांनी खपून त्या सगळ्या कॅसेटी लॅपटॉपवर उतरवल्या आणि घरात अडगळ नको म्हणून कॅसेटी भंगारवाल्याला देऊन टाकल्या. आणि परवा एका सकाळी लॅपटॉप चालू होईना. आतून नुसता आवाज. टक्. टक्. टक्.

"पाल चुकचुकतेय का हो?" नंदाकाकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं होतं.

अपेक्षानं आवाज ऐकला आणि झटकन बटण दाबून धरून लॅपटॉप बंद केला.

"काका, याला आता हात लावायचा नाही. आत आरशासारखी तबकडी गरगर फिरते आणि तिच्यावर केसाहून कमी अंतरावर एक काटा तरंगत असतो. त्या काट्याचं काहीतरी बिघडलंय. चालू कराल तितके ओरखडे पडतील, आणि ओरखडा पडला की तिथला आवाज गेलाच. बंद ठेवून सरळ प्रयोगशाळेत नेऊ. डेटा काढून देणारे लोक असतात."

"मिळेल का सगळं?"

"सांगता येत नाही. प्रयत्न करतील."

आणि इथेच घोडं अडलं. प्रयोगशाळा म्हणत होती 'सांगता येत नाही', आणि बागेतल्या हास्यक्लबात भेटलेले हिंदुराव म्हणाले, "महाराज हायेत ना! सगळंच्या सगळं परत येतंय!" घाबरलेल्या माणसानं कुणाचं ऐकावं?

महाराजांनी निदान केलं होतं: डिस्कचा आत्मा भटकतोय, ती टकटक म्हणजे तो दार वाजवतोय. भर सभेत पुन्हा पुन्हा लॅपटॉप चालू करून त्याला आवाहन करायचं. दार वाजवणाऱ्याला आत घेण्याऐवजी दारच किसून काढायचा बेत होता हा.

सत्संगाहून परतल्यावर दोनच दिवसांनी घरात भडका उडाला. नंदाकाकूंना मैत्रिणीला एक फोटो पाठवायचा होता. त्यांनी फोन उघडला. फोटोंच्या जागी शुकशुकाट.

"अहो! माझ्या फोनमधले फोटो कुठे गेले?"

"समर्पण केले," पेपरमागून आवाज आला.

"कुणाला?"

"अक्षय डिस्कला. रविवारी तू प्रसाद घ्यायला गेलीस तेव्हा. एकच प्रत ठेवायची असते, म्हणून फोनमधले पुसले."

"माझ्या वस्तूचं समर्पण तुम्ही परस्पर करता? उद्या मलाही ठेवून याल कुठेतरी आणि पावती आणाल."

"अगं, सगळे आहेत! ही बघ यादी." तात्यारावांनी रविवारी रांगेत उभं राहून घेतलेली डबी अपेक्षाच्या लॅपटॉपला जोडली. खरोखरच ओळीच्या ओळी नावं आली. "फक्त नामस्मरण करायचं. नावं वाचायची, उघडायचं नाही. चातुर्मास संपेपर्यंत डिस्क मौनात आहे."

"ती असेल. मी नाहीये. अपेक्षा, उघड गं."

अपेक्षानं पहिल्या फोटोवर बोट ठेवलं. करडा चौकोन. दुसरा, करडा चौकोन. कल्याणीच्या गृहप्रवेशाचा फोटो, करडा चौकोन. ती भराभर खाली गेली आणि अगदी शेवटी शेवटी काही फोटो उघडले: काकूंनी केलेलं भरलं वांगं, तिरकं आलेलं, आणि तात्यारावांच्या अंगठ्याचे चार.

"वा," काकू म्हणाल्या. "वंशाला अंगठा तेवढा शिल्लक राहिला."

तात्याराव मटकन खाली बसले. "आपण व्रत मोडलं. उघडलं म्हणून गेले!"

"काहून जातील उघडल्यानं?" अपेक्षा भांबावली की थेट वर्ध्याला पोचायची. "काकू, फोन द्या इकडे. पुसलेले फोटो फोन लगेच फेकत नाही, महिनाभर कचरापेटीत ठेवतो." तिनं चारदोन बटणं दाबली, आणि गृहप्रवेश, नातवंडं, काश्मीरची सहल, सगळं धबधब्यासारखं परत कोसळलं.

काकूंनी तिला घट्ट मिठी मारली. तात्यारावांनी हात जोडले आणि छताकडे बघून म्हणाले, "महाराजांची कृपा!"

काकूंनीही छताकडे बघितलं, पण वेगळ्या कारणानं.

अपेक्षाला हसूही येत होतं आणि हेही कळत होतं, की इथे वाद घालून काही उपयोग नाही. फोटो गेले तर दोष आपला, आले तर कृपा त्यांची. अशा हिशेबात महाराज हरणार कसे? ती तात्यारावांसमोर जमिनीवरच बसली.

"काका, व्रत मोडल्यामुळे गेले असं म्हणता ना? ठीक. मग ज्या डिस्कचं व्रत कुणीच मोडलेलं नाही, ती बघू. महाराजांच्या हातातली. त्यांच्याच समोर. त्यातलं सगळं नीट उघडलं तर मी साष्टांग नमस्कार घालेन, भर सभेत."

"आणि नाही उघडलं तर?"

"तर तुमचा लॅपटॉप तिथे चालू करायचा नाही. एकदाही नाही."

तात्यारावांनी डबी लॅपटॉपमधून काढून खिशात ठेवली. मग म्हणाले, "साष्टांग म्हणजे पूर्ण आडवं व्हायचं हं. नुसतं वाकून चालणार नाही."

"पूर्ण आडवी होईन."

बाकीचं काम हिंदुरावांनीच सोपं केलं. पोरगी आयटीतली म्हटल्यावर त्यांनी आनंदानं तिला व्यासपीठावरच्या लॅपटॉपची सेवा देऊन टाकली.

रविवार उजाडला. कार्यालय तुडुंब. तात्यारावांचा लॅपटॉप चौरंगावर, त्याला इतके हार घातलेले की तो लॅपटॉप आहे हे सांगावं लागत होतं. मोठ्या पडद्यावर अक्षय डिस्कची यादी. अपेक्षा व्यासपीठावरच्या लॅपटॉपशी बसली होती.

महाराजांनी दोन्ही हात उंचावले. "आता जागृती! तात्याराव, बटण दाबा!"

तात्याराव उठले. चौरंगाजवळ गेले. आणि बटणाकडे हात नेता नेता थांबले.

"महाराज, एक विनंती आहे. आधी अक्षय डिस्कचं दर्शन घडावं. नुसती नावं नकोत. एखादी फीत बघू द्या, म्हणजे माझा हात कापणार नाही."

"मौन!" महाराज कडाडले. "चातुर्मास!"

अपेक्षानं यादीतलं अगदी वरचं नाव वाचलं आणि माइकजवळ तोंड नेलं. "हिंदुरावकाका, सगळ्यात आधी तुमच्या ऋतुजाताईच्या लग्नाची फीत आहे. पाठवणी लावू का?"

हिंदुरावांची मिशी हलली. गेल्या वर्षी लेक सासरी गेल्यापासून त्यांचा जीव त्या फितीत अडकला होता आणि गुरूच्या आज्ञेनं त्यांनी ती उघडली नव्हती. त्यांनी महाराजांकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं.

"महाराज, एकडाव लावू द्या की. आपलीच लेक हाय."

"हिंदुराव!"

"लाव गं पोरी," हिंदुराव म्हणाले.

अपेक्षानं दाबलं. पडदा काळा झाला. मग खणखणीत अक्षरं उमटली: ही फाईल वाचता येत नाही.

"दुसरी लाव," कुणीतरी ओरडलं. "आमचं बारसं लाव!" वाचता येत नाही. "आमच्या आईची पंच्याहत्तरी!" वाचता येत नाही. आता लोक खुर्च्यांवर उभे राहिले. एकेक नाव पुकारलं जात होतं, आणि एकेक काळा पडदा येत होता. मधूनच एक चित्रफीत धडधडीत सुरू झाली: कुणाच्या तरी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीची सफाई. अख्खं सभागृह ती श्वास रोखून बघत होतं.

महाराज मात्र कसलेले होते. त्यांनी डोळे मिटले आणि खेदानं मान हलवली. "बाळांनो, श्रद्धा कमी पडली."

तिसऱ्या रांगेतून नंदाकाकू उठल्या. चष्मा सारखा केला.

"श्रद्धा भरपूर होती हो," त्या म्हणाल्या. "जागा कमी पडली."

मग मागच्या कोपऱ्यातून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि ते हसू पेटत पेटत पुढे आलं. रागावलेले लोकही हसू लागले, आणि महाराजांच्या कपाळावरचं बटण घामानं ओघळायला लागलं.

"म्हणजे झालं तरी काय?" हिंदुराव रडवेले होऊन म्हणाले. "नावं तर हायेत की!"

अपेक्षानं माइक हातात घेतला. "काका, समजा एक बस आहे. बसायच्या जागा पन्नास, पण दारावर पाटी लावली 'जागा एक हजार'. कंडक्टर येईल त्याला तिकीट देतो, यादीत नाव लिहितो. पन्नास भरल्यावर एकावन्नावा आला, की तो पहिल्याला मागच्या दारानं खाली ढकलतो आणि त्याची जागा याला देतो. यादी बघाल तर हजार नावं. गाडीत बघाल तर पन्नासच माणसं, शेवटी चढलेली. बाकीची रस्त्यावर! या डबीतला कंडक्टर म्हणजे एक छोटी चिप. कॉम्प्युटरनं विचारलं 'जागा किती?' की खोटं सांगायचं, एवढंच तिला शिकवलंय. म्हणून तर उघडायचं नाही. म्हणून नामस्मरण. आणि दुसरी प्रत राहिली तर चोरी कळेल, म्हणून बॅकअप पाप!"

"डिस्क जड आहे चांगली!" एकानं शंका काढली. "आत काहीतरी आहेच!"

"बघूच की," अपेक्षा म्हणाली. महाराज झेपावले, पण हिंदुराव मध्ये उभे राहिले. तिनं आरतीच्या ताटातल्या चमच्याच्या टोकानं डबीची फट उचकटली. टण्ण! पितळी ताटात लोखंडी नट पडला. पाठोपाठ दुसरा. वजनासाठी चिकटवलेले. आणि उरली ती नखाएवढ्या मेमरी कार्डाची एक पट्टी.

तो नट हिंदुरावांनी उचलला आणि सगळ्यांना दिसेल असा धरला. "ह्यो अक्षय," ते म्हणाले. "ह्यो मात्र खरंच कधी संपायचा नाय."

रतननंही तेवढ्यात आपला लॅपटॉप उलटा करून बघितला. मागच्या स्क्रूंना ताजे ओरखडे होते. शुद्धीकरण कक्षाचा पडदा सारला तर आत सुपारी चघळत बसलेला एक मेकॅनिक सापडला. त्यानं मुकाट्यानं कबूल केलं, की बहुतेक लॅपटॉप मेलेले नसतातच; कुणाची आतली वायर सुटलेली असते, कुणाची पट्टी ढिली होते. ती तो बसवायचा, फुंकर महाराज मारायचे. जे खरोखर मेलेले, त्यांचं पूर्वकर्म वाईट निघायचं.

चारदोन तरुण बाह्या सरसावून व्यासपीठाकडे निघाले. नंदाकाकू आडव्या आल्या. "हात कुणी लावायचा नाही. मारलंत तर उद्या हुतात्मा होईल. फोन करा पोलिसांना." पोलीस आले, फसवणुकीची आणि जादूटोणाविरोधी कायद्याखालची तक्रार झाली, आणि स्मृतिनाथांना स्वतःचं खरं नाव काही केल्या आठवेना, म्हणून ते त्यांच्या ओळखपत्रावरून लिहून घ्यावं लागलं.

या गदारोळात तात्याराव चौरंगाजवळ एकटेच उभे होते. त्यांनी एकेक करून लॅपटॉपवरचे हार काढले, तो उपरण्यात गुंडाळला आणि तान्ह्या मुलासारखा छातीशी धरला. "चल, अपेक्षा," ते म्हणाले. "कुठे आहे तुझी ती 'सांगता येत नाही' म्हणणारी प्रयोगशाळा?"

प्रयोगशाळेत धुळीचा कण नसलेल्या खोलीत डिस्क उघडली गेली, काटा बदलला गेला. सगळं नाही मिळालं. काही गोष्टींवर ओरखडे पडलेच होते. सुरुवातीला तात्यारावांनी घाबरून पुन्हा पुन्हा बटण दाबलं होतं त्याचे. पण बऱ्याचशा मिळाल्या. तिथली बाई हेडफोन पुढे करत म्हणाली, "हे तुमचेच का बघा." तात्यारावांनी ऐकलं, आणि ते उभ्या उभ्याच ओक्साबोक्शी रडले आणि त्यातच हसू लागले. नंदाकाकूंनी हेडफोनचा एक कान त्यांच्या डोक्यावरून ओढून आपल्या कानाला लावला.

ज्यांनी फोनमधले फोटो ताजे पुसले होते त्यांचे कचरापेटीतून परत आले. हिंदुरावांनी छायाचित्रकाराला गाठलं. त्यानं पाठवणीची मूळ फीत जपून ठेवली होती. काहींचं मात्र गेलं ते गेलंच.

त्यानंतर सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक सभा झाली. बोलायला उभे राहिले ते तात्याराव.

"मंडळी, मी शिकलेला माणूस. तरी फसलो, कारण घाबरलो होतो. घाबरलेल्याला खात्री हवी असते, आणि खात्री फक्त भामटाच देतो. तर आता साधं सांगतो. प्रत्येक डिस्क कधी ना कधी मरते. ती महागातली असो नाहीतर स्वस्तातली. म्हणून जे जिवाचं आहे त्याच्या दोन प्रती ठेवा, तिसरी दुसऱ्याच्या घरी ठेवा. यात कसलाही अविश्वास नाही, काळजी आहे. वस्तू घ्याल ती माहितीतल्या दुकानातून, पक्कं बिल आणि वॉरंटी घेऊन. जागा अफाट आणि किंमत चणेफुटाण्याची असेल तर समजा, कुणीतरी खोटं बोलतंय. नवी डिस्क आणली की तिच्यावर विसंबण्याआधी ती काठोकाठ भरून बघा, आणि भरलेलं सगळं परत उघडून बघा. अपेक्षा शिकवील. लॅपटॉप टकटक करायला लागला तर बंद करा आणि जाणकाराकडे न्या. फुंकर मारू नका, मारूही देऊ नका."

"आणि महाराज दिसला तर?" मागून कुणीतरी विचारलं.

तात्याराव आवाजाच्या दिशेनं वळले.

"त्यालाही हेच करा. जे खरं असतं ते तपासलं म्हणून बिघडत नाही. जो म्हणेल 'उघडून बघू नका', त्याच्याकडचं सगळ्यात आधी उघडून बघा."